उसनं ऊन

"ताई, त्या शहरात तुला एवढं खुपतं तरी काय?" धाकट्या बहिणीनं फोनवर विचारलं, तेव्हा मास्तरीणबाईंना क्षणभरही विचार करावा लागला नाही. लोक गर्दीला नावं ठेवतात, हॉर्नला ठेवतात, नळाला ठेवतात. बाईंचं भांडण एकाच गोष्टीशी होतं.

"ऊन नाही गं इथं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी उशी कधी उन्हात पडली नाही."

"मग ये की माझ्याकडे. अंगण नुसतं पडून आहे. भावोजींनाही आण."

फोन ठेवून बाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी महिनाअखेरीला जाते. यायचं तर या, नाहीतर बसा अंधारात."

नवरा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. कोपऱ्यावरचं वाचनालय, बागेतला बाक आणि त्या बाकावरचे भांडखोर मित्र सोडून ते कुठे जाणार? आणि बाईंशिवाय इथे राहण्याची कल्पना तर त्यांना सोसवतच नव्हती. पण असलं काही बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते नुसते खोकले.

आणि त्याच आठवड्यात एका दुपारी त्या तळमजल्यावरच्या खोलीत ऊन आलं.

खिडकीतून अलगद उतरलं आणि सतरंजीएवढं होऊन फरशीवर पसरलं. बाई आधी त्याच्याभोवती फिरल्या. मग एक पाऊल त्यात ठेवून पाहिलं. मग सरळ मधोमध बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. हवेतली धूळसुद्धा कुठे जायची घाई नसल्यासारखी तरंगत होती. मास्तर खुर्चीतून बघत राहिले. बाई इतक्या तरुण कधी झाल्या, ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही ऊन आलं. तिसऱ्या दिवशी बाई झोपाळलेल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, बहिणीला एवढ्यात नको म्हणून कळवू का?"

जन्मभर पत्ते शोधत आलेला माणूस. उन्हाचा पत्ता त्यांना खिडकीतूनच सापडला. गल्लीपलीकडच्या पहिल्या मजल्यावर टेलरबाईंनी मोठं कपाट आणलं होतं, दाराला पुरुषभर उंचीचा आरसा असलेलं. दोर लावून ते गॅलरीत चढवलं, पण गॅलरीच्या दारातून आत काही जाईना. तिथेच उभं होतं बिचारं. मास्तरांच्या छपरावरून जाणारं ऊन त्या आरशावर पडायचं आणि घसरून त्यांच्या खोलीत यायचं. मास्तरांनी हे कोणालाही सांगितलं नाही.

एका सकाळी गल्लीत सुतार दिसला, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"काय हो, कुणीकडे?"

"टेलरबाईंकडं. कपाट आत जाईना, दार रुंद करायचंय."

मास्तरांनी त्याचा दंड धरला. "ते मागाहून. आधी माझं स्टूल बघा, डुगडुगतंय."

सुतारानं स्टूल हलवून पाहिलं. "हे तर ठणठणीत आहे."

"मग आधी डुगडुगतं करा आणि मग दुरुस्त करा!"

स्टूल झालं, फळी झाली, खिडकीच्या कड्या झाल्या. सुतार खुशीत होता. दुपारी जेवला की तो बाईंच्या उन्हात आडवा होऊन घोरायचा आणि बाई कडेला अंग चोरून बसायच्या. उरलेला वेळ करवत, भुसा आणि ठोकाठोक.

"या शहरात ऊन मिळालं तर शांतता मिळायची नाही," बाई एक दिवस कडाडल्या. "ह्या माणसाचं काम संपणार तरी कधी? जाते मी बहिणीकडे!"

सुताराला घालवावं तर तो समोर जाणार. ठेवावं तर बाई जाणार. मास्तरांची पुरती कोंडी झाली. घरात दुरुस्त करण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

"हे शेवटचं काम," ते सुताराला म्हणाले. "आमचं पुढचं दार रुंद करा."

"कशाला?"

"मोकळं वाटतं."

सुतारानं मन लावून काम केलं. त्या दारातून आता दोन माणसं भांडत भांडत एका वेळी आत आली असती. मास्तरांनाही खरोखर मोकळं वाटलं आणि आजचा दिवस तरी निभावला म्हणून ते वाचनालयात जाऊन बसले. संध्याकाळी परतले, तर खोलीत समोरून कोणीतरी त्यांच्याकडेच चालत येत होतं. ते स्वतःच होते, आरशातले.

"कसं आहे?" बाई कपाटावरून फडकं फिरवत म्हणाल्या. "टेलरबाई आपलं दार बघून आपण होऊन आल्या. म्हणाल्या, तुमच्याकडे मावेल, तुम्हीच घ्या. आपलं जुनं त्यांना दिलं, ते गेलं बघा त्यांच्या दारातून. इतकी वर्षं समोरासमोर राहतो आणि आज पहिल्यांदा बोललो आम्ही! मुद्दाम उन्हाच्या जागी ठेवलंय हां, चमकेल छान."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. स्टूल मुळीच हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई उशी घेऊन कपाटासमोर बसल्या. ऊन आलं नाही. बराच वेळ त्या खिडकीकडे बघत होत्या. शेवटी मास्तरांना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं: आरसा, सुतार, स्टूल, दार. "तू जाऊ नयेस म्हणून केलं गं," ते म्हणाले आणि पुन्हा खोकले.

बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि त्या रुंद दारातून निघून गेल्या.

मास्तर आरशापुढे बसून राहिले. आरशातला म्हातारा अगदी बावळट दिसत होता. आता ती स्टेशनावर पोचली असेल, गाडीत बसली असेल, असं मनात येऊन त्यांचे डोळे भरले. इतक्यात आरशातून नाकावर काहीतरी ऊबदार हुळहुळलं, कानावर गेलं, परत नाकावर आलं.

वळून बघतात तर समोरच्या गॅलरीत, भर उन्हात, टेलरबाईंच्या शेजारी बाई उभ्या होत्या. हातात स्टीलचं ताट तिरकं धरलेलं.

"नाकावर आलं का हो?" त्यांनी ओरडून विचारलं.

"आलं!" मास्तर ओरडले. "बहिणीकडे नाही ना जायचं?"

"आता कशाला? हिच्याकडे ढीगभर ऊन आहे, आणि बोलायला कुणी नाही म्हणते. मी रोज दुपारी इथंच यायचं ठरवलंय."

"आणि मी?"

"तुम्हाला पाठवतेय की! फक्त जरा डावीकडे सरका, हात भरून आला माझा."

आरसाही सोबत डावीकडे हवा, म्हणून मास्तर कपाट ढकलू लागले.