न पडणारा चेंडू

गभणे सरांच्या कॉम्प्युटरवर चेंडू खाली पडत नाही. वर लाल चेंडू दिसतो, खाली जमीन दिसते आणि चेंडू मध्येच लटकून राहतो. लंबक तिरपा तो तिरपाच. ताणलेली स्प्रिंग ताणलेलीच. आमचे प्राचार्य आल्यागेल्या पाहुण्यांना हे मुद्दाम दाखवतात. “हे आमचे फिजिक्सचे सर. यांच्या राज्यात गुरुत्वाकर्षण रजेवर असतं.”

चूक नाही, हट्ट आहे तो. प्रयोगशाळेतली उपकरणं मोडत गेली, नवी आली नाहीत, तेव्हा सरांनी पन्नाशीत प्रोग्रॅमिंग शिकून एकेक प्रयोग कॉम्प्युटरवर आणला. पण प्रत्येक प्रोग्रॅममधली एक ओळ ते लिहीत नाहीत. चेंडू खाली का येतो हे सांगणारी, नेमकी तीच. विचारलं की ठरलेलं उत्तर: “सारंच मी केलो, त मंग पोरगं काय करन? थे ओळ लिवली का त्याले फिजिक्स समजलं.”

हा हट्ट कॉम्प्युटरपुरता असता तर बरं. गोसीखुर्द धरणावर स्टाफची पार्टी होती. वांग्याचा रस्सा सरांकडे होता. त्यांनी मीठच टाकलं नाही. आम्ही प्राचार्यांच्या बीपीचा मान राखून मुकाट जेवलो. हात धुताना सर म्हणाले, “काहून जी, मीठ मांगाची लाज वाटली का? तुमच्यासाठीच ठेवलो होतो ना!”

पण ओळ लिहायला पोरगं नको का? आमच्या विज्ञान शाखेतल्या मुलांची नावं आमच्याकडे आणि मुलं नागपूरच्या क्लासात. पालकांना तेच हवं, संस्थेला तुकडी हवी, आम्हाला पगार. मी मराठी शिकवतो, म्हणजे शिकवत होतो. सर मात्र रोज पडदा पुसून, कॉम्प्युटर सुरू करून दाराकडे बघत बसतात. मला त्यांची चीड येते. आम्ही सगळ्यांनी निर्लज्जपणे जुळवून घेतलेलं असताना या एका माणसानं असं वाट बघत का बसावं?

प्रात्यक्षिक परीक्षेला मुलं आली. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाहेरून आलेले परीक्षक जेवणाच्या पानावरून उठलेच नाहीत. मार्क आधीच ठरलेले. मुलं सह्या करून निघाली. सरांनी एका मुलीपुढं खुर्ची सरकवली.

“बस ना बेटा. एकच ओळ हाय. तूच लिव.”

ती बसली नाही. उभ्यानंच पडद्याकडे पाहिलं, दोन-चार कळा दाबल्या. चेंडू हलला नाही.

“सर, हा हँग झाला वाटते.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता, मैत्रिणी हाका मारत होत्या. आता तरी सरांनी चिडावं, निदान तिला तरी खरं काय ते सुनवावं, असं मला फार वाटलं.

“हो बेटा, हँगच झाला,” सर म्हणाले. “जुना झाला ना आता. तू जाय, तुही गाडी सुटन.”