काठोकाठ कॅन

शिंप्याने स्वतःच्याच पँटची कंबर सहा महिन्यांत तिसऱ्यांदा सैल केली, तेव्हा बायकोने त्याला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. झोप उडाली होती, रक्तदाब चढला होता आणि तोंड सुजल्यासारखं दिसत होतं.

"प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संकट आलं की ती कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडते. साखर वाढते, रक्तदाब चढतो, माणूस पळायला तयार. संकट टळलं की ती गप्प बसते. तुमची बसत नसावी. चोवीस तासांची लघवी या कॅनमध्ये जमवा. एक थेंब वाया घालवू नका."

शिंपी लाजेने अर्धमेला झाला, पण रविवारी त्याने हे काम इमानेइतबारे केलं. न्हाणीघरात बर्फाच्या बादलीत कॅन ठेवला होता. सोमवारी तो उचलताना भलताच जड लागला.

लॅबमधल्या बाईने त्याच्याकडे वर-खाली पाहिलं. "चार लिटर? एकट्याचं?"

मागे रांग होती. "पाणी जरा जास्त पितो," शिंपी पुटपुटला.

कॉर्टिसॉल भरमसाट निघालं. ऑपरेशनसाठी सर्जनची तारीख सहजासहजी मिळत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधीच नऊ तारीख धरून ठेवली आणि स्कॅन करायला लावलं. स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी ठणठणीत दिसल्या. शिंप्याला हायसं वाटलं, ते अर्धा मिनिट टिकलं.

"मग दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत असेल," बाई म्हणाल्या. "वरून हुकूम तीच सोडते. कदाचित नाकातून आत शिरून ऑपरेशन करावं लागेल."

घरी येऊन शिंप्याने शिवायला आलेली कापडं लोकांना परत केली. आपल्यामागे मशीन कुणाला द्यायचं तेही बायकोला सांगितलं. तिने आधी त्याला फैलावर घेतलं, मग रडून घेतलं. त्याचे वडील हे सगळं दारातून ऐकत होते. दूध संकलन केंद्रावर पस्तीस वर्षं कॅन मोजून घेतलेला हा माणूस, दुधातलं पाणी नुसत्या नजरेने ओळखायचा. शिंप्याची आई गेल्यापासून मात्र तो फारसा बोलत नसे.

"नाकातून? मेंदूपर्यंत?"

"हो अप्पा."

"मग ऐक. त्या कॅनमध्ये भेसळ आहे."

"कसली?"

"माझी." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "दुपारी पाहिलं तर जेमतेम तळ झाकलेला. कमी भरलेला कॅन मी केंद्रावर कधी घेतला नाही रे. म्हटलं, तुझा परत पाठवतील, तपासणी लांबेल. म्हणून सकाळपर्यंत मीही हातभार लावला."

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्या खेपेला ती न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. अहवाल अगदी साधा आला.

"तुमच्या ग्रंथींना काहीही झालेलं नाही. रक्तदाब वाढलेल्या वजनामुळे आहे. खाणं कमी करा, चाला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पहिला कागद पुन्हा उचलला. "तुमचं एवढंच आहे, तर बाकीचं कॉर्टिसॉल कुठून आलं?"

शिंपी गार पडला. दोन वर्षांत अप्पांचा चेहरा गोल झाला होता, पोट सुटलं होतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. पेन्शन मानवली, असं सगळे म्हणायचे. त्यांचे लेंगे त्याने स्वतःच दोनदा सैल केले होते आणि त्याच्या डोक्यात काही आलं नव्हतं. त्याला स्वतःची शरम वाटली.

अप्पांचा कॅन निम्माच भरला. तो कुणी परत पाठवला नाही. स्कॅनमध्ये उजव्या ग्रंथीवर लिंबाएवढी गाठ दिसली.

"नऊ तारीख रद्द करू नका," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "नाव तेवढं बदला."

घरी येताना अप्पांनी एकच विचारलं, "म्हणजे तुला नक्की काही नाही ना?"

"नाही अप्पा."

त्या दुपारी म्हातारा कित्येक दिवसांनी पोटभर जेवला आणि आडवा होताच घोरू लागला. शेजारी बसलेल्या शिंप्याने मात्र भरलेलं ताट तसंच बाजूला सारलं.