जरा कुळगीकडं

आमच्या शेजारचे गणबामामा रोज संध्याकाळी अंगणात येतात, टीव्हीच्या डिशचा खांब धरतात आणि घराकडे तोंड करून विचारतात, "आलं काय?"

घरात कुणी नसतं. मामा थोडा वेळ वाट बघतात, मग स्वतःच आत जाऊन टीव्ही बघतात आणि मान हलवत पुन्हा खांबापाशी येतात. रस्त्यानं जाणारा एखादा थट्टेनं "न्हाई आलं" म्हणतो. मामा रागावत नाहीत. "तुला रस्त्यावरनं दिसतंय व्हय?" एवढंच विचारतात.

मामांच्या मते जगातली निम्मी दुखणी दिशेची आहेत. म्हैस दूध देईना, तिचं तोंड चुकीच्या दिशेला बांधलंय. मला इंग्रजीत कमी मार्क पडले, तेव्हाही त्यांनी विचारलं, "कुठल्या दिशेला बसून लिवलीस?" आणि त्यांच्या दिशा दोनच. एक सुप्याकडची, एक कुळगीकडची, वाडीच्या दोन बाजूंच्या गावांची.

ही सवय जुन्या अँटेनाच्या काळातली. तेव्हा मामा बांबू फिरवायचे आणि सातेरीमामी आतून सांगायच्या. मामींचं सांगणं आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं.

"आलं काय?"

"आवाज आलाय. माणूस न्हाई अजून."

"आता?"

"नाक आलं. डोळे यायचे हायत. लई सुप्याकडं गेलासा, जरा कुळगीकडं या."

"आता गं?"

"आलं, आलं. हलवू नकासा."

मामा तसेच बांबू धरून उभे राहायचे आणि मामी निवांत मालिका बघायच्या. पुढे डिश आली तरी हे चालूच राहिलं. मामी गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले.

गेल्या महिन्यात मडगावला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं मोठा एचडी टीव्ही पाठवला, डिशच्या नव्या सेट-टॉप बॉक्ससकट. मामांनी जुन्या टीव्हीची लाल-पिवळी-पांढरी वायर काढून नव्या टीव्हीला जोडली. चित्र पुसट आलं आणि माणसं आडवी सुजलेली. मामांना आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. "मडगावचा टीव्ही हाय. तिकडची माणसं खाऊनपिऊन असत्यात." पण दिवाळीला मुलगा येणार, त्याला वाईट वाटू नये, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी दांडेलीला इतिहास घेऊन बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळी यंत्रं कळतात अशी वाडीची समजूत आहे. मला नाही म्हणायला जमत नाही, आणि बहुतेक वेळा यंत्रही जमत नाही. पण हे मी मैत्रिणीच्या घरी पाहिलं होतं.

"मामा, बॉक्सच्या खोक्यात एक जाडी काळी वायर आली होती का?"

मामांनी बोट वर केलं. आमच्याकडे तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, पावसाळ्यानंतर वाशांना टांगून ठेवतात. सगळ्या काकड्या केळीच्या सोपाच्या दोरीनं बांधल्या होत्या. मधली, सगळ्यांत मोठी, एचडीएमआय केबलनं.

"चांगली मजबूत हाय," मामा म्हणाले. "फुकट कशाला घालवायची?"

तवसं उतरवलं, केबल पुसली, बॉक्सपासून टीव्हीला जोडली. पडदा काळा झाला.

"आता आवाज बी गेला," मामा म्हणाले. "दिशा चुकली बघ."

मी घाबरत रिमोटवर इनपुट बदललं. बातम्या देणारी बाई एकदम समोर आली. शिडशिडीत, डोळ्यांच्या काजळासकट.

मामा पुढे वाकून बघत राहिले. "बारीक हाय की गं ही. आजारी न्हाई न्हवं?"

"नाही मामा, ती अशीच आहे."

"मग आता डिश हलवायची न्हाई?"

"नाही. आता काहीच करावं लागणार नाही."

मामांनी तवसं मांडीवर घेतलं. मला वाटलं, खूष होतील. ते म्हणाले, "म्हंजे बाहेर काय कामच न्हाई." थोड्या वेळानं उठले. "तरी एकदा बघतो. तू हितं थांब."

बाहेरून हाक आली. "आलं काय?"

"आलंय, मामा."

मग हळू आवाजात, "नीट बघून सांग की. अशी घाई करू नये."

मी पडद्याकडे पाहिलं. बाईच्या कानातले डूल स्पष्ट दिसत होते. मग मी म्हणाले, "नाक आलंय. डोळे यायचे हायत."

"व्हय?"

"सुप्याकडं गेलासा. जरा कुळगीकडं या."

खिडकीतून मामा दिसत होते. त्यांनी खांबावर हात ठेवला होता. नुसताच ठेवला होता, हलवत नव्हते.

"आता गं?"

"आलं, आलं. हलवू नकासा."

ते तसेच उभे राहिले, घराकडे तोंड करून. बातम्या संपल्या, जाहिराती लागल्या, तरी मी उठले नाही.