बाभूळटोकचा थांबा राखिला त्याची हकीकत

श्री रुळदेवता समर्थ. सौंसर परगण्यातील मौजे बाभूळटोक येथे सन १९८८ साली जे जाहले, ते यथास्थित लिहिले असे.

त्या साली रेल्वेच्या राज्यात बहुत उलथापालथ जाहली. पांढुर्ण्याच्या मोठ्या लायनीवर विजेचे खांब येणार ऐसी आवई उठली. बाभूळटोकच्या थांब्यास नवी पाटी लागली, आणि तीस गावच्या गुणवंताने बकरी बांधिली, मग पाटी धारातीर्थी पडली. श्रावणात नत्थूजी पटेलांची म्हैस रुळावर बसली, आणि आमच्या छोट्या लायनीच्या गाडीने तिजपुढे अर्धा कोस माघार घेतली.

मग दिवाळीपुढे हुकूम आला की, सोमवारी मोजणीसाहेब सुधाकरराव येतील; चाळीस उतारू चढले तर थांबा कायम, एक कमी तरी बरखास्त. हे ऐकोन गावच्या अंबाबाईंस घोर लागला. लेक मंगला सौंसरास नांदत असे, तिचे दिवस भरत आले होते, आणि आईच्या भाकरीवाचून तीस घास उतरत नसे, म्हणोन बाई रोज गाडीने भाकर पोहोचवीत. थांबा गेला की पुढल्या टेशनापावेतो दोन कोस पायपीट, आणि बाईंचे गुडघे आधीच फितूर.

बाईंनी घरोघर फौज मागितली. नत्थूजी वदले, "म्या कायले जाऊ सौंसरले?"

"पटेलबाबा, तुमच्या म्हशीनं गाडी अडवली, आता तुमी चढा."

पटेल तडक धोतर धुण्यास गेले.

सोमवारी जाणारे जमले अवघे सव्वीस. परंतु पाहुण्यास वाटे लावणे हा या मुलखाचा कुळाचार; जाणारा एक तर पोहोचवणारे दोन, आणि तेही डब्यात चढून, जागा धरून, निरोप सांगून. ड्रायव्हर दादाजी रोज तीन शिट्ट्या देत, म्हणोन पहिलीस कोणी हालले नाही. आज साहेब संगे, सबब दादाजी पहिल्याच शिट्टीस निघाले, आणि एकाहत्तर माणूस आत सापडले. मग चढावावर इंजिनास धाप लागली, आणि गाडी मागे घरंगळत थांब्यावरच आली.

सारे उतरले, पाणी प्याले, जाणारे पुन्हा चढले. पहिले वाटे लावणे बाद जाहले, म्हणोन पोहोचवणारेही पुन्हा चढले. साहेबांनी नियमाचे कलम पाहून पुन्हा मोजिले.

पण साहेब तरी गावचे पाहुणेच. त्यांस वाटे लावण्यास अंबाबाई खालीच राहिल्या; भाकरीचे गठुडे खिडकीतून आतल्या पटेलांस दिले, साहेबांस कुंकू लाविले, हातावर दही घातिले. इतक्यात शिट्टी जाहली. साहेब दह्यासुद्धा धावले, गार्डाच्या डब्यास लोंबकळले, आणि तेथून फर्माविले की, थांबा कायम. दादाजींनी लांबून धाव घेऊन चढाव सर केला.

बकरीपायी मागे राहिलेला गुणवंता आला. "मावशी, गाडी तं गेली न. तू इथं काय करून राहिली?"

"जाऊ दे. भाकर गेली न. उद्या येते थे गाडी, आन् इथंच थांबते."

दफ्तरी नोंद ऐसी: पहिल्या खेपेस एकाहत्तर, दुसऱ्या खेपेस सत्तर. मोहीम फत्ते. थांबा राहिला, आणि थांब्यावर अंबाबाई राहिल्या.