प्रणिताला बघायला आलेल्या शाळा

सानपांच्या प्रणिताला बघायला रविवारी तीन शाळा आल्या. त्या तालुक्याचा तसा नियमच आहे. पोर पाचवी पास झालं, की सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांनी त्याच्या घरी जायचं, एका अंगणात शेजारी शेजारी बसायचं आणि पालकांनी पोहे देऊन त्यांची तुलना करायची. पूर्वी पालकच शाळा बघत हिंडायचे. त्यात फार पायपीट व्हायची.

गहिनीनाथ सानपनं त्या दिवशी पिठाची गिरणी बंद ठेवली होती आणि म्हैस मागच्या बाजूला नेऊन बांधली होती. आधी तालुक्याची शाळा आली. तिला नुकताच रंग दिलेला होता आणि डोक्यावर सौरपट्ट्या होत्या. अंगणात मावेना म्हणून तिनं कुंपणाची भिंत आवरून घेतली. मागोमाग टेकवाडीची आली, ती शिष्यवृत्तीधारकांचा फलक छातीशी धरून. बोरदऱ्याची म्हणजे गावातलीच शाळा. तिला यायला चार पावलं, पण नेमका तिलाच उशीर झाला. तिचे गुरुजी जनगणनेला गेले होते, त्यामुळे कुलूप तिचं तिलाच लावावं लागलं. तिच्या एका कोपऱ्यावरचा पत्रा उडालेला होता. ती बाजू तिनं भिंतीकडे केली आणि अंग चोरून बसली.

केंद्रप्रमुख मिसाळ सर मध्यस्थ होते. त्यांनी घसा खाकरून सुरुवात करायला सांगितलं.

"शिक्षक किती?" गहिनीनाथनं विचारलं.

"सात. संगणकाला वेगळे," तालुक्याची शाळा म्हणाली.

"पाच. आणि निकाल फलकावर आहेच," टेकवाडीची म्हणाली.

बोरदऱ्याची म्हणाली, "दीड. एक पुरते, आन् एक निम्मा आठवडा दुसऱ्या गावाला असत्यात."

गहिनीनाथनं मान खाली घालून पोह्यांतली मिरची बाजूला काढली. तो तिच्याच हाताखाली शिकला होता आणि चारचौघांत तिला असं उत्तर द्यायला लागलं याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. पण तोंडी अपूर्णांक सोडवणारी आपली पोर दीड शिक्षकांवर सोडायची, हेही त्याला पटत नव्हतं. पोरीची तीन वर्षं काही परत येणार नव्हती.

मग तालुक्याच्या शाळेनं मुलीचं अक्षर कसं आहे ते विचारलं.

"मोत्यासारखं," प्रणिताची आई उषा म्हणाली. "पोहेबी तिनंच केल्यात." पोहे अर्थातच उषानं केले होते.

पद्धतीप्रमाणे मुलीला एकेकीशी एकटीनं बोलायला गच्चीवर पाठवलं. तालुक्याच्या शाळेनं तिला वर जाऊन प्रयोगशाळा उघडून दाखवली. टेकवाडीच्या शाळेला जिना जमेना, तिनं खालूनच उत्तरं दिली. बोरदऱ्याची वर गेली तेव्हा गच्ची थोडी खचली. गहिनीनाथ जिन्याखाली उगाच चपला नीट लावत उभा राहिला.

"मी आले नाही तर काय होईल, बाई?" प्रणितानं विचारलं.

"पट कमी पडंल. बंद करत्याल मला."

"मग मी तुमच्याकडंच येते."

"माझ्याकडं एक परीक्षानळी हाय, तीबी तडकलेली. तू तिकडं जा."

दोघी खाली आल्या तेव्हा कुणाकडेही न बघता आपापल्या जागी बसल्या.

गहिनीनाथनं नारळ तालुक्याच्या शाळेच्या पायरीवर ठेवला. बाकी दोघींना तो म्हणाला, "कळवतो." कळवतो म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. टेकवाडीची लगेच निघाली, तिला अजून एक घर होतं. बोरदऱ्याचीही उठली आणि दाराकडे वळली. तेवढ्यात उषा लगबगीनं करंडा घेऊन आली आणि तिनं शाळेच्या चौकटीला हळदीकुंकू लावलं.

मिसाळ सरांनी खिशाला लावलेलं पेन परत काढलं. "वहिनी, हे काय केलंत?"

"आता बाईमाणसाला दारातनं तसंच कसं लावून द्यायचं?"

"नारळ दिला म्हणजे प्रवेश घेतला. कुंकू लावलं म्हणजे शाळा घरची झाली."

"मग?" गहिनीनाथनं विचारलं.

"मग काही नाही. बंद झाली की तुमच्याकडे राहील. मात्र घरातल्या सगळ्यांना शाळेत घालणं पालकावर बंधनकारक आहे." ते बोरदऱ्याच्या शाळेकडे वळले. "तुमची आठवी झालीय का?"

"शिकवलीया. पास झाल्याचा दाखला न्हाई."

"मग सहावीपासून बसावं लागेल," सर म्हणाले आणि त्यांनी उरलेला चहा संपवला.

जूनमध्ये शाळा बंद झाली आणि आपला फळा घेऊन सानपांकडे राहायला आली. गोठ्याशेजारी तिची सोय केली. सकाळी प्रणिता आणि ती एकाच एसटीनं तालुक्याला जातात. पहिल्या दिवशी कंडक्टर तिला सामान धरत होता, शेवटी अर्ध्या तिकिटावर मिटलं. वर्गात तिला मागच्या बाकावर बसवलंय, नाहीतर मागच्यांना दिसत नाही. तिचं गणित चांगलं आहे, इंग्रजी कच्चं आहे. प्रयोगशाळेत पहिले काही दिवस ती कशालाच हात लावत नव्हती. प्रणितानं तिच्या हातात परीक्षानळी दिली आणि बराच वेळ खालून आपला हात धरून ठेवला.

सहामाहीनंतर पालकसभा झाली. वर्गशिक्षिकेनं गहिनीनाथपुढे दोन प्रगतिपुस्तकं ठेवली. प्रणिताच्या पुस्तकावर त्यानं झटकन सही केली. दुसरं उघडलं, पालकाच्या सहीची जागा बघितली आणि त्याचा हात तिथंच थांबला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "गहिनी, ओळ सोडू नगंस."

"व्हय बाई," तो म्हणाला आणि त्यानं ओळीवर सही केली.