लेकीच्या नाडीवर नजर

एकट्या लेकीच्या मनगटावर पट्टा बरा दिसणार नाही, म्हणून बाबांनी स्वतःसाठीही तसाच एक आणला, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

लेक बावीस वर्षांची, स्वमग्न. (बहिरी नव्हे, तरी नातेवाईक तिच्याशी ओरडूनच बोलत.) हॉटेलच्या लाँड्रीत ती चादरींच्या घड्या घालायची आणि तिला बसने एकटीनं जायचं होतं. थेरपिस्टबाईंनी तोडगा काढला: पट्टा नाडी मोजेल, जीव घाबरला की बाबांच्या फोनवर लाल दिवा लागेल. आठवडा नीट गेला, तर एकटीचा प्रवास कायमचा मंजूर.

बाबा हेडक्लार्क. सोमवारी साहेबांनी त्यांना झापलं, "फोनमध्ये काय डोकं घालून बसलात?" नेमका तेव्हाच दिवा लाल. बाबा अर्धी रजा टाकून लाँड्रीकडे धावले. धावताना दिवा आणखी लाल.

लेक घड्या घालत होती.

"घाबरलीस ना?"

"नाही."

"लपवू नकोस गं."

"बाबा, मी चादरी मोजतेय. तुम्ही बोललात की मोजणी चुकते."

शुक्रवारपर्यंत अशा पाच फेऱ्या झाल्या. (सुपरवायझरबाईंनी त्यांच्यासाठी खुर्चीच ठेवली.) संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, "एकटीनं जाणं बंद. पोरीचा जीव जाईल अशानं."

लेक टेबलाची कड घट्ट धरून बसली. आईनं तडक थेरपिस्टबाईंना बोलावलं. बाईंनी दोन्ही पट्टे उलटून नंबर पाहिले.

"अहो, लेकीचा पट्टा तुमच्या हातात आहे."

"सोमवारी चार्जरवरून बाबांनी माझा उचलला," लेक म्हणाली. "मी लगेच सांगितलं. ते म्हणाले, गडबडीत आहे, नंतर सांग. नंतर म्हणजे कधी, ते सांगितलं नाही."

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

"म्हणजे ही आठवडाभर शांत होती?" बाबांनी घाम पुसत विचारलं.

"अगदी," बाईंनी लेकीच्या हातातल्या पट्ट्याची नोंद पाहून सांगितलं. "फक्त पाचदा नाडी चढली."

"बघा, मी म्हणत होतो. कधी?"

"तुम्ही लाँड्रीत पोचलात तेव्हा."

पुढच्या सोमवारी लेकीनं बॅग खांद्याला लावली आणि दारातून आईला बजावलं, "मी निघते. बाबांना ऑफिसात तू सोड. त्यांना एकटं पाठवू नकोस."