उभ्या मोटारसायकलीचा गुन्हा

दुपारी पावणेदोन वाजता बद्रीनाथ ठोंबरे क्रांती चौकातल्या बँकेतून बाहेर आला, तेव्हा त्याची मोटारसायकल आडवी पडली होती. हेडलाइट फुटला होता, हँडल डावीकडे वळलं होतं आणि एक आरसा गटारीच्या कडेला पडला होता. गाडी आपण नीट उभी केली होती का, अशी शंका बद्रीनाथला आधी स्वतःबद्दलच आली. त्याचा स्वभावच तसा होता.

शेजारच्या रसवंतीवाल्या चाचांनी सगळं पाहिलं होतं.

"सफेद पिकअप थी, भाऊ. पीछे ली और ठोक दी."

"आणि पळाला?"

"भागा कायकू? उतरा, तुम्हारी गाडी देखा, दो गिलास रस पिया, बर्फ कम डालने बोला, फिर गया."

"अहो, मग थांबवायचं ना त्याला!"

"गिऱ्हाईक को कैसा रोकना? पर फोन नंबर है मेरे पास. पीछे मंडपवाले का नाम लिखा था, सर्जेराव, सोयगाव. भतीजे की शादी है, करके लिख लिया."

माणूस घाबरून पळाला असता, तर बद्रीनाथने सोडून दिलं असतं. पण दोन ग्लास रस, तोही बर्फ कमी घालून, हे काही त्याला सहन होईना. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर त्याला चौदा वर्षं झाली होती. कागद कोणीही हरवला तरी "चूक झाली साहेब, माफ करा" हे वाक्य बद्रीनाथच म्हणायचा. ते वाक्य आयुष्यात एकदा तरी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकावं, एवढीच आता त्याची इच्छा होती. नुकसानभरपाई गेली खड्ड्यात.

भर उन्हात गाडी ढकलत तो उस्मानपुऱ्यातल्या घरी निघाला. वाकड्या हँडलमुळे गाडी डावीकडच्या प्रत्येक दुकानात शिरू पाहत होती. घरी पोचेपर्यंत त्याच्या शर्टाचं पोतेरं झालं होतं आणि गाडी बघून त्याची बायको सुरेखा भडकली होती.

"लावा फोन त्याला. अन् मऊ बोलू नका."

बद्रीनाथने फोन लावला. आवाज होईल तेवढा जाड केला.

"सर्जेराव का? क्रांती चौकात तुम्ही पाडलेली मोटारसायकल माझी हाय!"

"अस्सं? नाव काय म्हणले?"

"बद्रीनाथ ठोंबरे."

"ठोंबरे? वैजापूरकडचे काय?"

इथं बद्रीनाथने फोन आपटायला हवा होता. आमच्याकडे भांडायचं असेल, तर ते गाव विचारायच्या आत उरकावं लागतं. पण गाव विचारल्यावर खरं न सांगणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"व्हय, वैजापूरकडचेच."

"मग कडुबा ठोंबरे तुमचे कोण?"

"चुलते लागतात. भावकीतले."

"अन् मी त्यांचा धाकला जावई! अहो, लई बरं वाटलं बघा. दुपारपासून जिवाला घोर होता, कोण्या परक्याची गाडी असली तर उगं भांडत बसंल. आपल्याच माणसाची निघाली. मिटलं!"

सर्जेरावांच्या लग्नात बद्रीनाथ जेवून आला होता. गर्दीत नवरदेव मात्र त्याने पाहिला नव्हता. तो काही बोलणार, तोवर फोन बंद झाला आणि दहाच मिनिटांत कडुबाकाकांचा आला.

"बद्र्या, जावई शहरात हायेत म्हणं. धोंड्याचा महिना चालूय. जेवू घातल्याबिगर लावून दिलं, तर गावात तोंड दाखवू नको."

"काका, पण त्यांनी माझी गाडी..."

"सांगितलं त्यांनी. गाडीचं काय घेऊन बसला? जावई काय रोज येत्यात व्हय?"

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालून कपडे करायचे असतात. भावकीतल्या एकाचा जावई तो सगळ्यांचाच. सुरेखाचा राग कुठल्या कुठे गेला.

"काय बाई, संध्याकाळी जावई यायचे अन् घरात गूळ नाही! अहो, उभे काय राहिलात? गूळ, हरभऱ्याची डाळ अन् साजूक तूप आणा. टॉवेल-टोपी चांगल्यातली बघा."

"कशावर जाऊ?"

"चालत जा."

बद्रीनाथ चालत गेला. जाताना गाडीकडे बघायचं त्याने टाळलं. त्याला खरंच रडू येत होतं.

सर्जेराव संध्याकाळी सातला आले. मोकळाढाकळा, हसरा माणूस. अंगणात गाडीपाशी थांबून त्यांनी हँडल हलवून पाहिलं, चुकचुकले आणि आत जाऊन पाटावर बसले. सुरेखाने औक्षण केलं. बद्रीनाथने स्वतःच्या हाताने त्यांना टोपी घातली. सर्जेरावांनी तुपात बुडवून सात धोंडे खाल्ले. आता 'चूक झाली' म्हणतील, आठवा धोंडा नको म्हणताना तरी म्हणतील, अशा आशेने बद्रीनाथ वाढत राहिला. सर्जेराव मंडपाच्या धंद्याबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, शहरातल्या रहदारीबद्दलही बोलले. ते वाक्य काही आलं नाही.

निघताना ते पिकअपमध्ये बसले. नव्या टॉवेलची घडी त्यांनी मांडीवर ठेवली. पिकअपच्या खिडकीपाशी सुरेखाने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"अहो, पाव्हणे निघाले. काही बोला की!"

बद्रीनाथने हात जोडले. जीभ चौदा वर्षांच्या सवयीने आपोआप वळली.

"आमचं काही चुकलं-माकलं असंल, तर माफ करा, पाव्हणं."

सर्जेरावांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या मोटारसायकलीकडे पाहिलं. त्यांना खरोखर गहिवरून आलं होतं. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी बद्रीनाथच्या खांद्यावर थोपटलं.

"जाऊ द्या हो. मी काय मनावर घेतलं नाय," ते म्हणाले. "फक्त इथून पुढं गाडी जरा बघून लावत जा."